चालू रेल्वेमार्गालगतच्या कामाचा जोखीम-आराखडा: लुकआउट मॅन पुरेसा केव्हा आणि ब्लॉक अनिवार्य केव्हा?

स्थळसुरक्षा (प्रश्न)

नमस्कार.

मी एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. आजवर आमची सगळी कामे रस्त्यांची आणि इमारतींची होती. आता प्रथमच चालू रेल्वेमार्गालगतचे काम मिळाले आहे. मार्ग दुहेरी आहे, वर 25 हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर आहे आणि गाड्यांचा कमाल वेग ताशी 120 किलोमीटर आहे. कामाचे दोन भाग आहेत: रुळांना समांतर जाणारी संरक्षक भिंत आणि रुळांखालच्या जुन्या मोरीची दुरुस्ती. मोरीच्या एका बाजूला मार्ग वळणावर असल्यामुळे तिकडून येणारी गाडी सुमारे 300 मीटरवर आल्यावरच दिसते.

आमच्याकडे जोखीम-तक्त्याचा ठरलेला नमुना आहे. त्यात "रेल्वेगाडीची धडक" अशी एक ओळ वाढवण्यात आली आणि तिच्यापुढे उपाय म्हणून "लुकआउट मॅन नेमावा, कामगारांनी सावध राहावे, चमकणारे जॅकेट घालावे" एवढेच लिहिले गेले (लुकआउट मॅन म्हणजे येणारी गाडी पाहून कामगारांना इशारा देणारा माणूस). वरिष्ठांनी तक्ता मंजूर केला आहे; मला मात्र त्या ओळीवर सही करण्याचा धीर होत नाही. उंचीवरून पडण्याच्या धोक्यासाठी आम्ही कठडा, जाळी आणि पट्टा अशी तिहेरी तरतूद करतो, आणि इथे सगळा भार माणसाच्या सावधपणावर टाकलेला दिसतो.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. लुकआउट मॅनवर विसंबून काम करणे कुठपर्यंत योग्य आहे आणि ब्लॉक (म्हणजे कामासाठी ठरावीक वेळ मार्ग बंद ठेवण्याची परवानगी) घेतल्याशिवाय रुळांवर पाऊलच टाकू नये असे केव्हा म्हणावे? ओव्हरहेड वायरच्या बाबतीत बांधकामवाल्यांच्या सहसा लक्षात न येणारे धोके कोणते? आणि भिंतीचे काम रुळांवर नाही, फक्त लगत आहे. तेव्हा त्यासाठी वेगळा विचार खरोखर लागतो का?

रूळदेखभाल

आपण सही केली नाहीत हे योग्य केलेत. माझी बरीच नोकरी रुळांच्या देखभालीत गेली आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आधी आपल्याच जागेचा हिशेब करून पाहू. ताशी 120 किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे 33 मीटर अंतर कापते. लुकआउट मॅनने गाडी पाहून इशारा द्यायचा, काम करणाऱ्याने तो ओळखायचा, हातातले अवजार रुळांबाहेर काढायचे, स्वतः सुरक्षित जागी पोहोचायचे आणि त्यानंतरच गाडी यायची, असा हा क्रम आहे. गाडी पोहोचण्यापूर्वी किमान 10 सेकंद सर्वजण सुरक्षित जागी उभे असले पाहिजेत, असा ब्रिटनमधला नियम आहे आणि तो मला शहाणपणाचा वाटतो. इशारा आणि हालचाल यांना 15 सेकंद धरले, तर एकूण 25 सेकंद होतात. म्हणजे गाडी किमान 830 मीटरवरून दिसायला हवी. आपल्याकडे वळणाच्या बाजूने 300 मीटरच दिसते, म्हणजे हाती फक्त 9 सेकंद राहतात. मोरीच्या जागी केवळ लुकआउट मॅनच्या भरवशावर काम करता येणार नाही, हा निर्णय या आकडेमोडीनेच दिला आहे. वळणाच्या पलीकडे दुसरा माणूस उभा करून इशारा पुढे पोहोचवण्याची पद्धत आहे खरी, पण तिच्यात प्रत्येक वाढीव माणसाबरोबर चुकीची एक जागा वाढते, आणि धुके पडले किंवा पावसाचा जोर वाढला की हिशेबातले अंतरच नाहीसे होते.

म्हणून विचाराचा क्रम उलटा असावा. हे काम गाड्या बंद असताना करता येईल का, हा पहिला प्रश्न. एकच मार्ग बंद मिळत असेल, तर शेजारच्या चालू मार्गाकडे कोणी जाऊच शकणार नाही असा भक्कम अडसर मध्ये उभा करता येईल का आणि त्या मार्गावरचा वेग कमी करून मिळेल का, हा दुसरा. तिसऱ्या क्रमांकावर आपोआप इशारा देणारी यंत्रणा येते, आणि माणसाची नजर सर्वांत शेवटी. बहुतेक तक्ते शेवटच्या उपायापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

लुकआउट मॅन ज्या किरकोळ कामांसाठी ठेवला जाईल, तिथेही त्याला दुसरे कोणतेही काम सांगायचे नाही, अगदी कोणाला पाना उचलून देण्याचेही नाही. तो ठरावीक वेळाने बदलला पाहिजे. आवाज करणारे यंत्र चालू असेल, तर शिट्टी किंवा भोंगा यांवर विसंबू नये. यंत्र चालवणाऱ्याच्या खांद्याला स्पर्श करून इशारा देणारा माणूस शेजारी हवा. वेल्समधील मार्गम येथे 3 जुलै 2019 रोजी दोन कामगार गाडीखाली मृत्युमुखी पडले आणि तिसरा थोडक्यात वाचला. मार्ग चालू होता, ठरलेली संरक्षणव्यवस्था प्रत्यक्षात राबवली गेली नव्हती, पहाऱ्यावर रीतसर नेमलेला माणूस नव्हता, मोठ्या आवाजाचे यंत्र सुरू होते आणि आवाजापासून बचाव म्हणून कानांवर कर्णरक्षक चढवलेले होते. चालकाने भोंगा वाजवला होता. ही माणसे आपल्या कामात अनुभवी होती आणि त्यांचे लक्ष कामावरच होते, म्हणून "कामगारांनी सावध राहावे" या वाक्याची मला भीती वाटते.

ब्लॉक घेतला म्हणजे सारे निभावले असेही समजू नये. ब्लॉकचा धोका त्याच्या कडांवर असतो: सुरू होताना, संपताना आणि एका पर्यवेक्षकाकडून दुसऱ्याकडे जाताना. इटलीत तोरिनोजवळ ब्रांदित्सो येथे 30 ऑगस्ट 2023 च्या रात्री पाच कामगार ताशी सुमारे 160 किलोमीटर वेगाने आलेल्या गाडीखाली सापडले. मार्ग बंद झाल्याची लेखी परवानगी हाती येण्यापूर्वीच काम सुरू झाले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील चेस्टर येथे 3 एप्रिल 2016 रोजी पाळी बदलताना रात्रीच्या पर्यवेक्षकाने आपले संरक्षण सोडून दिले आणि दिवसाच्या पर्यवेक्षकाने नवे घेतले नव्हते. गाडी रुळांवरच्या खोदयंत्रावर आदळली आणि दोघे मृत्युमुखी पडले. रुळांच्या दोन पट्ट्या विजेने जोडून सिग्नल यंत्रणेला मार्ग अडलेला असल्याचे दाखवणारे साधन तिथे वापरलेले नव्हते.

आपल्या आराखड्यात पुढील गोष्ट ठळकपणे लिहावी असे मला वाटते. ब्लॉक मिळाल्याचा संदेश एकच नेमलेली व्यक्ती घेईल, संदेश देणाऱ्याला तो शब्दशः परत वाचून दाखवेल, वेळ आणि मार्गाचे नाव लिहून घेईल, दोन्ही टोकांना संरक्षणाच्या खुणा लागल्याची खात्री करेल आणि त्यानंतरच टोळीला रुळांवर सोडेल. "ब्लॉक मिळालाय, चला" असे कोणीतरी कोणालातरी ओरडून सांगितले, तर तो ब्लॉक मिळालेला नाही असे धरावे.

कर्षणतार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे काम ओव्हरहेड वायरच्या देखभालीचे आहे.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की गाड्या बंद झाल्या म्हणजे वीजही बंद झाली. ट्रॅफिक ब्लॉक आणि पॉवर ब्लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या नियंत्रकांकडून मिळतात आणि त्यांच्या वेळाही जुळतीलच असे नाही. गाड्या थांबलेल्या असताना वायर जिवंत असू शकते. उलट वीज बंद असलेल्या मार्गावर डिझेल इंजिन येऊ शकते. आपल्या कामाच्या प्रत्येक टप्प्यासाठी या दोहोंपैकी काय लागणार, हे आराखड्यात स्वतंत्रपणे लिहावे.

दुसरी गोष्ट अंतराची. विजेच्या इतक्या दाबाला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. पुरेसे जवळ गेल्यावर हवेतूनच ठिणगी उडी घेते. सर्वसाधारण कामासाठी जिवंत भागापासून भारतात 2 मीटर आणि ब्रिटनमध्ये 2.75 मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. हे अंतर माणसाच्या डोक्यापासून मोजून भागत नाही, त्याच्या हातात जे असेल त्याच्या टोकापासून ते मोजावे लागते. बांधकामावर लांब वस्तू सतत फिरत असतात: सळई, शिडी, पाइप, काँक्रीट पंपाचा बूम, डंपरचे उचललेले टब. सळया खांद्यावर उभ्या किंवा तिरप्या धरून नेण्याची आपल्या लोकांची सवय इथे जीवघेणी ठरेल. त्या आडव्या धरून दोघांनी न्याव्यात. मोजमापासाठी धातूची टेप वापरू नये. पाण्याचा फवारा वायरच्या दिशेने जाऊ देऊ नये.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. वीज बंद केलेली वायर जोवर कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ केलेली (जमिनीशी विजेने जोडलेली) नाही, तोवर ती जिवंतच मानावी, कारण शेजारच्या चालू मार्गावरच्या प्रवाहामुळे तिच्यात प्रवर्तनाने, म्हणजे प्रत्यक्ष जोडणी नसतानाही, विजेचा दाब निर्माण होतो. हाच परिणाम रुळांना समांतर जाणाऱ्या कोणत्याही लांब धातूवर होतो. आपली भिंत लांब आहे, म्हणजे तिचा सळयांचा सांगाडा, तात्पुरते पत्र्याचे कुंपण आणि तारेच्या केबली या सगळ्यांचा त्यात विचार करावा लागेल. कुंपणाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कसा अर्थ करायचा, हे रेल्वेच्या कर्षण विभागाकडून (ओव्हरहेड वायरची वीज सांभाळणाऱ्या विभागाकडून) लेखी घ्यावे.

मोरीसाठी आणखी एक. रूळ हे प्रवाह परत नेणारे वाहकही असतात. रूळ कापायचा असेल किंवा त्याला जोडलेली तार काढायची असेल, तर आधी तात्पुरती जोडणी लावून मगच हात घालावा. तसे न करता दोन तुटक्या टोकांना एकाच वेळी स्पर्श झाला, तर मधला वाहक आपणच होतो. हे काम आपल्या टोळीने करू नये, अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे.

पायाआणिउचल

तिसऱ्या प्रश्नातला "फक्त लगत" हा भाग मला सर्वांत काळजीचा वाटतो. कामाचे अंतर माणूस कुठे उभा आहे यावरून ठरवणे पुरेसे नसते; काही बिघडले तर वस्तू कुठपर्यंत पोहोचेल, हे पाहावे लागते. क्रेन रुळांपासून 15 मीटरवर असली आणि तिचा बूम 25 मीटर लांब असला, तर ती क्रेन रुळांवर आहे असे धरूनच नियोजन करावे. फिरण्यावर मर्यादा घालणारे यंत्र बसवता येते, पण क्रेन उलटली तर त्या यंत्राचा उपयोग नसतो. म्हणून पायाखालच्या जमिनीची ताकद तपासणे आणि बूम रुळांच्या बाजूला जाईल अशी उचल ब्लॉकमध्येच करणे, हे दोन्ही लागते.

तैवानमधील ह्वालिएन येथे 2 एप्रिल 2021 रोजी जे घडले, ते ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाला सांगण्यासारखे आहे. मार्गालगतच्या उतारावर काम सुरू होते. तिथला क्रेन बसवलेला ट्रक घसरून खाली रुळांवर आला आणि थोड्याच वेळात आलेली जलद गाडी त्याच्यावर आदळून बोगद्यात शिरली. 49 जणांचे प्राण गेले. रुळांवर त्या वेळी कोणतेही काम चालू नव्हते. या घटनेवरून आपल्या आराखड्यासाठी दोन ठोस गोष्टी निघतात: उतारावर उभे केलेले प्रत्येक वाहन घसरले तर कुठे थांबेल याचे उत्तर भौतिक अडथळ्याच्या रूपात जागेवर असले पाहिजे, आणि काही रुळांवर पडले तर पुढच्या मिनिटात गाड्या थांबवण्याची सोय हवी.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. रुळांवर काही पडले की माणसाची स्वाभाविक धाव ते उचलण्याकडे असते. क्रम नेमका उलटा हवा: आधी गाड्या थांबवायच्या, मग अडथळ्याकडे पाहायचे. नियंत्रण कक्षाचा थेट क्रमांक पर्यवेक्षकाबरोबर क्रेनचालकाकडेही असावा. जागा सांगताना "नाल्याजवळ" असे सांगून उपयोग नाही. किलोमीटरचा दगड आणि ओव्हरहेड वायरच्या खांबाचा क्रमांक सांगावा लागतो, म्हणून कामाच्या दोन्ही टोकांचे खांब-क्रमांक पहिल्याच दिवशी फलकावर रंगवून ठेवावेत.

खोदकामाबद्दल थोडक्यात. भिंतीचा पाया खोदताना रुळांखालच्या भरावाचा आधार सुटू शकतो, आणि जाणाऱ्या गाड्यांचे हादरे त्याला हातभार लावतात. एका वेळी किती लांबी उघडी ठेवायची, आधार कोणता द्यायचा आणि रुळाची पातळी किती वेळाने मोजायची, हे आरेखन करणाऱ्याने ठरवावे. किती खचल्यावर काम थांबवून गाड्यांचा वेग कमी करण्यास सांगायचे, तो आकडाही आधीच लिहिलेला असावा. सिग्नलच्या केबली बहुधा याच पट्ट्यात पुरलेल्या असतात, म्हणून यंत्र लावण्यापूर्वी हाताने चाचणी-खड्डे घ्यावेत.

मोरीसाठी रुळांवर चालणारे खोदयंत्र किंवा ट्रॉली आणणार असाल, तर ब्रिटनमधील टीबे येथील 15 फेब्रुवारी 2004 ची घटना ध्यानात असावी. उतारावर दूर उभी असलेली, रुळांनी भरलेली ट्रॉली ब्रेक निकामी असल्यामुळे सुटली, अंधारात घरंगळत काही किलोमीटर खाली आली आणि काम करणाऱ्या टोळीवर आदळून चौघांचा बळी घेतला. तिथे गाडीचा संबंध नव्हता. ब्लॉकच्या आत आपलीच वाहने धोका होऊ शकतात, आणि उताराच्या वरच्या अंगाला कोण काम करत आहे हे माहीत असणे व मध्ये अडसर ठेवणे आवश्यक असते.

स्थळसुरक्षा

सर्वांचे मनापासून आभार. वळणाच्या बाजूच्या 9 सेकंदांचा हिशेब मी आज वरिष्ठांसमोर ठेवला आणि मोरीचे काम ब्लॉकमध्येच करण्याचे ठरले. भिंतीलगत पक्के कुंपण आणि क्रेनच्या जागेचा नव्याने विचार, हेही मान्य झाले.

आता एक व्यावहारिक अडचण राहते. चार तासांचा ब्लॉक मागितला तरी प्रत्यक्षात तो उशिरा सुरू होईल आणि संपण्याची वेळ मात्र तीच राहील, असे सांगितले जाते. अशा वेळी टोळीवर घाईचे दडपण येणार. शिवाय आमच्या उपठेकेदाराचे कामगार रोज बदलतात. त्यांतला एखादा धोका दिसला तरी बोलेल याची खात्री नाही. या दोन गोष्टी आराखड्यात कशा बसवाव्यात?

रूळदेखभाल

घाईला उत्तर घटनास्थळी देता येत नाही, ते आदल्या दिवशी द्यावे लागते. मोरीच्या कामाचे असे तुकडे पाडा, की प्रत्येक तुकडा संपल्यावर मार्ग गाडीसाठी सुरक्षित स्थितीत असेल. प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ लिहा, आणि त्यावरून "अमुक वेळेपर्यंत ब्लॉक हाती आला नाही तर हा तुकडा आज सुरूच करायचा नाही" अशी एक वेळ ठरवा. ही वेळ रेल्वेचा प्रतिनिधी आणि आपल्या कंपनीचा प्रकल्पप्रमुख या दोघांच्या सहीने आधीच मंजूर झालेली असली, म्हणजे रात्री दोन वाजता एकट्या पर्यवेक्षकाला वरिष्ठांशी वाद घालावा लागत नाही. काम रद्द झाल्यास उपठेकेदाराच्या माणसांची त्या पाळीची मजुरी मिळणार, हेही करारात लिहा. मजुरी बुडणार असेल, तर काम थांबवा असे कोणीही म्हणणार नाही.

शेवटचा अर्धा तास कामासाठी धरूच नका. तो अवजारे मोजण्यासाठी, खडी सारखी करण्यासाठी, रुळांची तपासणी होण्यासाठी आणि माणसे मोजण्यासाठी आहे. आत जाताना प्रत्येकाने नावापुढे सही करायची आणि बाहेर आल्यावर पुन्हा करायची. शेवटची सही होईपर्यंत ब्लॉक परत द्यायचा नाही. एक माणूस नैसर्गिक विधीसाठी बाजूला गेला आहे आणि त्याला ब्लॉक संपल्याचे ठाऊकच नाही, ही शक्यता डोक्याने मोजणी करून टळत नाही.

कर्षणतार

रोज बदलणाऱ्या कामगारांबद्दल एक पद्धत उपयोगी पडते, ती सुचवतो. पाळीच्या सुरुवातीची माहिती कामगारांच्या भाषेत, जागेवर उभे राहून द्यावी आणि ऐकून घेतल्याची सही घेण्याऐवजी त्यांना उलट विचारावे: आज कोणता मार्ग बंद आहे, कोणता चालू आहे, गाडी कोणत्या बाजूने येईल, इशारा मिळाल्यावर तू कुठे जाऊन उभा राहशील? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याने त्या जागेपर्यंत चालत जाऊन द्यावे. दुहेरी मार्गावर बरेचजण दोन मार्गांच्या मधली मोकळी जागा दाखवतात, तेव्हाच त्यांना थांबवून बाहेरच्या बाजूची जागा दाखवता येते. एक गाडी जात असताना तिच्या आवाजाआड दुसऱ्या मार्गावरून येणारी गाडी ऐकू येत नाही, हेही तिथेच सांगावे.

काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे असे फलकावर लिहिलेले असते, पण कामगार शब्दांपेक्षा पहिल्या प्रसंगाकडे पाहतात. कोणी शंकेने काम थांबवले आणि ती शंका चुकीची निघाली, तरी पर्यवेक्षकाने सर्वांसमोर त्याचे आभार मानावेत, अशी स्पष्ट सूचना पर्यवेक्षकांना लेखी द्या. थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंद ठेवताना सांगणाऱ्याचे नाव न घेण्याची मुभा असावी, आणि त्या नोंदींवर काय केले ते पुढच्या पाळीच्या सुरुवातीला सांगितले जावे.

स्थळसुरक्षा

अवजारांच्या मोजणीचा तक्ता, नावनिशीवार सह्यांचा कागद आणि काम सुरू न करण्याची वेळ, हे तिन्ही आजच मसुद्यात घेत आहे. कुंपणाच्या अर्थिंगबाबत कर्षण विभागाला पत्र पाठवले आहे. त्यांचे लेखी उत्तर आल्यानंतरच पत्रे उभे करू. क्रेनच्या नव्या जागेचा नकाशा तयार झाला की इथे वर्णन देईन, पायाआणिउचल यांनी कृपया तो तपासावा.